युती, भागीदारी आणि नुसती गाठभेट : आशियाच्या सुरक्षेचे शब्द शिकताना

परदेशी वृत्तसंस्थांच्या बातम्या मराठीत आणण्याचं काम मी नुकतंच सुरू केलं होतं. तैवानवरच्या एका बातमीत मी लिहिलं, ‘तैवान हा चीनचा भाग असल्याचं अमेरिकेने १९७२ मध्ये मान्य केलं.’ पान लावणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते वाक्य अडवलं आणि अमेरिका आणि चीनचं त्या वर्षीचं मूळ शांघाय निवेदन माझ्यापुढे ठेवलं. त्यात होतं ते वेगळंच. तैवानच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवरचे चिनी लोक ‘चीन एकच आहे आणि तैवान त्याचा भाग आहे’ असं मानतात, याची अमेरिकेने दखल घेतली होती आणि आपण त्या भूमिकेला आव्हान देत नाही, एवढंच म्हटलं होतं. दखल घेणं आणि मान्य करणं यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गेली पन्नासहून अधिक वर्षं तैवानचा प्रश्न उभा आहे, आणि मी ती जागा एका क्रियापदाने बुजवून टाकली होती.

तेव्हापासून या विषयाकडे मी शब्दांच्या वाटेने जायला लागले. स्पर्धा परीक्षेसाठी, पत्रकारितेसाठी किंवा सकाळचा पेपर नीट कळावा म्हणून ज्यांना आशियाच्या सुरक्षा-राजकारणात पाऊल टाकायचं आहे, त्यांनाही मी हीच वाट सुचवते. जहाजं, क्षेपणास्त्रं, लष्करी बजेट यांचे आकडे नंतर पाठ होतात. आधी शब्दाचं वजन कळायला हवं.

पहिली पायरी : वहीत तीन रकाने आखा

पहिल्या रकान्यात बातमीतला शब्द. दुसऱ्यात तो मुळात कोणाचा शब्द आहे ते. तिसऱ्यात त्या शब्दाने कोण कशाला बांधलं जातं ते. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. तो रिकामा राहणं हीसुद्धा माहितीच आहे.

सुरुवात तैवानपासूनच करा. ‘एक चीन तत्त्व’ हा बीजिंगचा शब्द. तैवान चीनचाच आहे, हा त्याचा गाभा. ‘एक चीन धोरण’ हा वॉशिंग्टनचा शब्द. त्यात अमेरिका बीजिंगच्या सरकारला चीनचं कायदेशीर सरकार मानते, पण तैवान कोणाचा यावर स्वतःचा निवाडा देत नाही. मराठी मथळ्यांत दोन्हींसाठी ‘वन चायना’ छापून येतं आणि फरक तिथेच हरवतो. १९७९ मध्ये अमेरिकी संसदेने तैवानविषयी जो कायदा केला, तो तिसऱ्या रकान्यासाठी उत्तम उदाहरण आहे. तैवानला स्वसंरक्षणापुरती शस्त्रं पुरवायची, हे त्यात स्पष्ट आहे. हल्ला झाला तर अमेरिकी सैन्य येईल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. येणार नाही, असंही म्हटलेलं नाही. या हेतुपुरस्सर ठेवलेल्या धूसरपणाला ‘व्यूहात्मक संदिग्धता’ म्हणतात. बीजिंगला हल्ल्याचं धाडस होऊ नये आणि तैपेईला एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर करण्याचं बळ येऊ नये, असा त्यामागचा दुहेरी हिशेब.

इथे भाषेबद्दल एक गोष्ट सांगते. ‘स्ट्रॅटेजिक’ या एका शब्दासाठी मराठीत सामरिक, धोरणात्मक आणि व्यूहात्मक असे तीन शब्द फिरतात. ‘धोरणात्मक’ मी टाळते, कारण ‘पॉलिसी’लाही आपण धोरणच म्हणतो. ‘सामरिक’ म्हटलं की थेट युद्ध डोळ्यांपुढे येतं, आणि व्यापार किंवा बंदर यांविषयीचा करार असला तर तो शब्द जड होतो. म्हणून ‘व्यूहात्मक’. तुम्ही कोणताही घ्या, पण एकच घ्या आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

दुसरी पायरी : नकाशा समोर ठेवा आणि एकच बातमी पुरवून वाचा

संकल्पनांच्या व्याख्या एकामागून एक घोकल्या तर आठवड्यात विरून जातात. त्यापेक्षा एका जागेला चिकटून बसा. मी नेहमी दक्षिण चिनी समुद्रातला ‘सेकंड थॉमस शोल’ निवडते. फिलिपिन्सच्या पालावान बेटापासून सुमारे १९५ किलोमीटर दूर असलेलं हे प्रवाळाचं उथळ कडं. फिलिपिनो त्याला आयुंगिन म्हणतात, चिनी रनआय. १९९९ मध्ये फिलिपिन्सने ‘सिएरा माद्रे’ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं जुनं जहाज मुद्दाम त्यावर चढवून रुतवलं. गंजलेल्या त्या जहाजावर फिलिपिनो नौसैनिकांची छोटी तुकडी राहते आणि तीच त्यांची चौकी आहे. तिला अन्नपाणी, बांधकामाचं सामान पोचवायला जाणाऱ्या बोटींना चिनी तटरक्षक जहाजं अडवतात, पाण्याचे जोरदार फवारे मारतात. १७ जून २०२४ रोजी तर चाकू-कुऱ्हाडी घेतलेले चिनी तटरक्षक फिलिपिनो बोटींना भिडले आणि त्या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. पुढच्याच महिन्यात दोन्ही देशांनी रसद पोचवण्यापुरती एक तात्पुरती व्यवस्था ठरवली.

आता या एका घटनेतून किती शब्द सुटे होतात ते पाहा.

पहिला, समुद्राची हद्द. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत ‘प्रादेशिक समुद्र’. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. या पट्ट्यात त्या देशाचं सार्वभौमत्व चालतं. २०० सागरी मैलांपर्यंत ‘अनन्य आर्थिक क्षेत्र’. इथे मासे, तेल, वायू यांवर त्या देशाचा हक्क, पण परक्या जहाजांना ये-जा करण्याचं स्वातंत्र्य. म्हणजे अनन्य आर्थिक क्षेत्र ही ‘देशाची हद्द’ नव्हे. ‘चिनी जहाज फिलिपिन्सच्या हद्दीत घुसलं’ असं वाक्य दिसलं की लगेच विचारा : १२ मैलांच्या आत, की २०० च्या आत?

दुसरा, बेट म्हणजे काय? माणसांची वस्ती किंवा स्वतंत्र अर्थजीवन ज्यावर टिकू शकेल त्या बेटाला पूर्ण २०० मैल. ज्यावर ते शक्य नाही अशा खडकाला फक्त १२. ओहोटीलाच डोकं वर काढणाऱ्या उंचवट्याला स्वतःचं असं काहीच नाही. सेकंड थॉमस या शेवटच्या प्रकारात मोडतो, असा निर्णय फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या वादात याच करारानुसार नेमलेल्या लवादाने १२ जुलै २०१६ रोजी दिला. चीन आपल्या नकाशावर दक्षिण चिनी समुद्राभोवती काढतो त्या ‘नऊ तुटक रेषां’च्या आतल्या साधनसंपत्तीवर चीन सांगतो त्या ऐतिहासिक हक्कांना कायद्याचा आधार नाही, हेही त्याच निवाड्यात आहे. लवादाने कोणत्या बेटावर कोणाची मालकी, हे मात्र ठरवलेलं नाही. तो त्याच्या कक्षेतला प्रश्नच नव्हता. ‘लवादाने बेटं फिलिपिन्सला दिली’ असं मी अनेकदा वाचलं आहे, आणि ते चूक आहे.

चीनने हा निवाडा धुडकावला. निवाडा बंधनकारक असला तरी तो अमलात आणायला समुद्रावर पोलीस नाहीत. याच्या उलट उदाहरण आपल्या जवळचं आहे. बंगालच्या उपसागरातल्या सीमेबाबत जुलै २०१४ मध्ये लवादाने सुमारे २५,६०० चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकी सुमारे १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाच्या पदरात टाकलं, आणि भारताने तो निर्णय स्वीकारला. बलाढ्य शेजाऱ्याने हरलेला निवाडा मानणं ही छोटी गोष्ट नाही. मला या एका निर्णयाचा भारतीय म्हणून अभिमान वाटतो.

तिसरा शब्द, ‘करडा पट्टा’. युद्ध म्हणता येणार नाही आणि शांतता तर नाहीच, अशा मधल्या पट्ट्यातली दांडगाई. पाण्याचे फवारे, धडका, मासेमारी बोटींच्या वेशातलं सागरी दल. हे सगळं गोळी न झाडता करायचं, म्हणजे समोरच्याने गोळी झाडली तर आक्रमक तो ठरतो. रोज एक वीत पुढे सरकायचं आणि कोणतंही पाऊल युद्ध पुकारण्याएवढं मोठं होऊ द्यायचं नाही, अशी ही रीत. आपल्याकडे शेजाऱ्याचा बांध दरवर्षी एका फाळाने कोरणारे लोक गावोगावी असतात. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना ही संकल्पना समजावून सांगावी लागत नाही.

चौथा शब्द ‘सशस्त्र हल्ला’. सगळी गाठ इथे येऊन बसते. ३० ऑगस्ट १९५१ चा अमेरिका-फिलिपिन्स परस्पर संरक्षण करार सशस्त्र हल्ला झाला तर लागू होतो. मग अंगठा तुटणं हा सशस्त्र हल्ला आहे का? पाण्याच्या फवाऱ्याने एखादा दगावला तर? फिलिपिन्सचे अध्यक्ष मार्कोस यांनी मे २०२४ च्या अखेरीस सिंगापूरमधल्या परिषदेत सांगितलं होतं की, जाणूनबुजून केलेल्या कृतीत फिलिपिनो माणूस मारला गेला, तर ते युद्धाच्या कृतीच्या फार जवळ जाणारं असेल. ‘फार जवळ’ हे शब्द त्यांनी निवडून वापरले. करड्या पट्ट्याचा सगळा खेळ ‘सशस्त्र हल्ला’ या शब्दाच्या अलीकडे राहण्यासाठीच चालतो.

समुद्राचा विषय निघाला आहे तर ‘नौकानयन स्वातंत्र्य’ही वहीत टिपून घ्या. हा शब्द फक्त चीनविरुद्ध वापरला जातो असा समज असेल तर लक्षद्वीपचं उदाहरण पाहा. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘जॉन पॉल जोन्स’ या युद्धनौकेने लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० सागरी मैलांवर, भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, परवानगी न घेता संचार केला आणि तसं जाहीरही केलं. या क्षेत्रात परक्या नौदलाने सराव करायचा तर आमची संमती हवी, ही भारताची भूमिका. अशी संमती मागण्याचा हक्कच कोणाला नाही, ही अमेरिकेची. त्यात अमेरिकेने १९८२ चा करार स्वतः संमत केलेला नाही, भारताने १९९५ मध्येच केला आहे. मित्रदेश एकच शब्द वापरतात म्हणून त्यांचा अर्थ एक असेल, असं धरून चालू नका.

तिसरी पायरी : युती कशाला म्हणायचं

महाराष्ट्रात राहणाऱ्याची इथे अडचण होते, कारण युती आणि आघाडी हे शब्द आपण निवडणुकांसाठी इतके वापरले आहेत की ते सैल पडले आहेत. सुरक्षेच्या भाषेत युती म्हणजे लेखी करार, आणि त्यात ‘तुझ्यावर हल्ला झाला तर मी काय करीन’ याचं कलम. ते कलम नसेल तर भागीदारी म्हणा, गट म्हणा, संवाद म्हणा. युती म्हणू नका.

ते कलमसुद्धा शब्दशः वाचायचं असतं. अमेरिका-युरोपच्या नाटो या लष्करी युतीच्या पाचव्या कलमात एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जातो. फिलिपिन्सच्या करारात तसं नाही. प्रशांत भागात दोघांपैकी एकावर सशस्त्र हल्ला झाला तर तो आपल्याही शांततेला धोकादायक असेल आणि आपापल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार त्या सामायिक संकटाला तोंड देऊ, एवढं त्यात आहे. ‘घटनात्मक प्रक्रिया’ म्हणजे वॉशिंग्टनमध्ये चर्चा होणार, मग ठरणार. मनिलाला ही टोचणी कायम असते. म्हणूनच दक्षिण चिनी समुद्रही करारात येतो, हे अमेरिकेने २०१९ मध्ये उघडपणे सांगितलं आणि २०२३ मध्ये तटरक्षक जहाजांचाही उल्लेख लेखी आला, तेव्हा फिलिपिन्समध्ये त्याची मोठी बातमी झाली.

आशियातल्या अमेरिकी युत्यांचा एकूण आकार समजण्यासाठी बैलगाडीचं चाक आठवा. मधे तुंबा, त्यातून निघणारे आरे, आणि बाहेरून सगळ्यांना बांधून ठेवणारी लोखंडी धाव. १९५१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने फिलिपिन्सशी, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी आणि जपानशी असे करार केले. १९५३ मध्ये दक्षिण कोरियाशी. प्रत्येक करार तुंब्यापासून निघणारा आरा होता, पण आऱ्यांना आपसांत बांधणारी धाव नव्हती. दक्षिण कोरियावर हल्ला झाला तर जपानने काय करायचं, हे कोणत्याही करारात नव्हतं. युरोपात नाटोने धाव बसवली. आशियात ती बसली नाही, कारण जपानच्या वसाहतवादाची आणि युद्धातल्या अत्याचारांची जखम कोरियात आणि फिलिपिन्समध्ये ओली होती. १९५४ मध्ये ‘सीटो’च्या रूपाने एक प्रयत्न झाला. नावात आग्नेय आशिया असलेल्या त्या संघटनेत आग्नेय आशियातले देश दोनच होते, थायलंड आणि फिलिपिन्स. १९७७ मध्ये ती बंद पडली.

आज जे चाललं आहे ते धाव बसवण्याचं काम आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांचे नेते कॅम्प डेव्हिड या अमेरिकी अध्यक्षांच्या निवासस्थानी एकत्र बसले. जुलै २०२४ मध्ये जपान आणि फिलिपिन्सने एकमेकांच्या सैन्याला आपल्या भूमीवर येऊन सराव करता यावा यासाठी करार केला. ज्या फिलिपिन्सने जपानी लष्कराचा ताबा भोगला, त्याने हा करार केला, यातच गेल्या काही वर्षांतला बदल दिसतो.

मग ‘क्वाड’ काय आहे? भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांचा गट. २००४ च्या त्सुनामीनंतरच्या मदतकार्यात हे चार देश एकत्र आले, २००७ मध्ये पहिली बैठक झाली, मग गट थंडावला आणि २०१७ मध्ये पुन्हा उभा राहिला. करार नाही, सचिवालय नाही, संरक्षणाचं कलम नाही. वहीतला तिसरा रकाना पूर्ण रिकामा. त्याला ‘आशियाई नाटो’ म्हणणाऱ्यांनी दोन्हींपैकी एकाचंही मूळ वाचलेलं नसतं. मलबार नौदल सरावही क्वाडचा नाही. तो १९९२ मध्ये भारत-अमेरिका सराव म्हणून सुरू झाला, २०१५ पासून जपान त्यात कायमचा आला आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया परत सामील झाला.

भारत यात बसतो कुठे? कोणाच्याही युतीत नाही. पन्नासच्या दशकात याला अलिप्तता म्हणत, आता ‘व्यूहात्मक स्वायत्तता’ म्हणतात. दोन्हींत फरक आहे. अलिप्तता गटांपासून अंतर ठेवत होती, स्वायत्तता अनेकांशी जवळीक करते आणि कुणालाही अखेरचा शब्द देत नाही. पण अलिप्ततेच्या काळातही ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार झालाच होता. त्याच्या नवव्या कलमात हल्ल्याचा धोका निर्माण झाल्यास तातडीने सल्लामसलत करण्याची हमी आहे. ‘सल्लामसलत’ आणि ‘मदतीला येऊ’ या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे तुम्हाला आता सांगायला नको.

चौथी पायरी : जरब आणि पेच

‘डिटरन्स’साठी पुस्तकांत प्रतिरोधन असा शब्द आहे. मला ‘जरब’ जास्त नेमका वाटतो. जरब बसते तेव्हा मारावं लागत नाही. ती बसायला तीन गोष्टी लागतात : ताकद, ती वापरण्याची तयारी आणि समोरच्याला या दोन्हींची खात्री. तिसरी नसेल तर पहिल्या दोन फुकट. जरब दोन प्रकारे बसवता येते. एक, तुझा हल्ला यशस्वी होऊच देणार नाही. दोन, यशस्वी झालास तरी किंमत एवढी मोजशील की पस्तावशील. तैवानने किनाऱ्यावर जहाजविरोधी क्षेपणास्त्रं बसवणं हा पहिला प्रकार. अण्वस्त्रं हा दुसरा.

आपल्या अण्वस्त्रांची जरब मित्रदेशाच्या बचावासाठी बसवली तर तिला ‘अण्वस्त्र छत्र’ म्हणतात. जपान आणि दक्षिण कोरिया अमेरिकेच्या छत्राखाली आहेत. उत्तर कोरियाने २००६ ते २०१७ या काळात सहा अणुचाचण्या केल्या, आणि २०१७ च्या जुलैमध्ये आंतरखंडीय क्षेपणास्त्राची चाचणी केली. त्या क्षणापासून सोलमध्ये प्रश्न विचारला जाऊ लागला : आमच्या शहरासाठी अमेरिका स्वतःचं शहर पणाला लावेल का? एप्रिल २०२३ च्या वॉशिंग्टन जाहीरनाम्यात अण्वस्त्रांविषयी सल्लामसलतीचा खास गट स्थापन झाला तो ही शंका शमवण्यासाठी. हे सगळं अशा द्वीपकल्पावर चाललं आहे जिथे १९५० मध्ये सुरू झालेलं युद्ध १९५३ मध्ये शस्त्रसंधीने थांबलं, शांतता करार आजतागायत झालेला नाही. शस्त्रसंधी आणि शांतता करार, ही जोडीही वहीत लिहून ठेवा.

आपल्या भागात तीन अण्वस्त्रधारी शेजारी आहेत. ‘प्रथम वापर नाही’ हे चीन १९६४ पासून सांगतो. भारताने ते जानेवारी २००३ मध्ये अधिकृतपणे जाहीर केलं, पण जैविक किंवा रासायनिक हल्ल्याचा अपवाद राखून. पाकिस्तानने असं वचन दिलेलं नाही.

‘सुरक्षेचा पेच’ हा शब्द नवखे फार सढळ वापरतात, म्हणून जपून. मी माझ्या बचावासाठी कडी-कुलूप मजबूत करते, शेजाऱ्याला वाटतं ही काहीतरी तयारी करते आहे, तो काठी आणतो, ती पाहून मी अजून घाबरते. दोघांनाही भांडण नको असतं, तरी दोघं त्याच दिशेने सरकतात. दक्षिण कोरियाने जुलै २०१६ मध्ये अमेरिकेची ‘थाड’ क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं ठरवलं, तेव्हा कारण उत्तर कोरिया होता. पण तिच्या रडारची नजर आपल्या भूमीपर्यंत पोचते असं चीनने म्हटलं. मग चिनी पर्यटकांच्या सहली थांबल्या, आणि दक्षिण कोरियातल्या ज्या लोट्टे उद्योगसमूहाने यंत्रणेसाठी जागा दिली त्याची चीनमधली दुकानं एकामागून एक बंद झाली. बचावाची वस्तू दुसऱ्याला वार वाटते, हा त्यातला पेच. पण एका बाजूला खरोखरच जमीन बळकवायची असेल तर तिथे पेच नसतो, तिथे आक्रमण असतं. दोन्हींना एकच नाव देणं म्हणजे बळी आणि हल्लेखोर यांना एका पारड्यात टाकणं.

पाचवी पायरी : रेघांची नावं

आंतरराष्ट्रीय सीमा, नियंत्रण रेषा आणि प्रत्यक्ष ताबारेषा. मराठी बातमीत तिन्हींना ‘सीमा’ म्हणून मोकळं होता येतं, पण होऊ नये.

पाकिस्तानबरोबरची नियंत्रण रेषा १९७२ च्या सिमला कराराची. त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांनी सुचेतगढला नकाशांवर सह्या केल्या. रेषा कुठून जाते यावर मतभेद नाही, तिच्या पलीकडची जमीन कोणाची यावर आहे. तीसुद्धा ‘एनजे ९८४२’ या बिंदूपाशी थांबते, आणि सियाचिनचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

चीनबरोबरची प्रत्यक्ष ताबारेषा उलटी आहे. तिच्यावर दोघांनी सह्या केलेला नकाशाच नाही. भारत तिची लांबी ३,४८८ किलोमीटर सांगतो, चीन बरीच कमी. काही ठिकाणी दोघांच्या समजुतीतल्या रेषा एकमेकींवरून जातात आणि दोन्हीकडची गस्त एकाच जागेवर हक्क सांगते. म्हणून ‘घुसखोरी’ हा शब्द इथे काळजीने वापरायचा.

अशा ठिकाणी भडका उडू नये म्हणून ‘विश्वासवर्धक उपाय’ केले जातात. १९९३ आणि १९९६ चे भारत-चीन करार या प्रकारातले. १९९६ च्या करारातलं सहावं कलम मुळातून वाचा. ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, सुरुंग उडवायचे नाहीत, बंदुकीने शिकारसुद्धा करायची नाही. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले ते दगड आणि काठ्यांच्या मारामारीत, आणि ‘हातात बंदुका असून झाडल्या का नाहीत?’ हा घराघरांत विचारला गेलेला प्रश्न या कलमापाशी येतो.

गलवाननंतर अधिकृत निवेदनांत तीन शब्द येत राहिले आणि मराठीत तिन्हींना ‘सैन्यमाघार’ म्हटलं गेलं. पहिला टप्पा ‘डिसएंगेजमेंट’, समोरासमोर उभे ठाकलेले जवान मागे घेणं. दुसरा ‘डीएस्कलेशन’, तणाव आणि तयारी उतरवणं. तिसरा ‘डीइंडक्शन’, सीमेजवळ आणलेली जादा कुमक तिच्या मूळ तळांवर परत नेणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्व लडाखमधल्या देपसांग आणि डेमचोकबद्दल जी समजूत झाली ती पहिल्या टप्प्यातली होती. त्या आठवड्यात ‘चीनची माघार’ असे मथळे आले. ज्यांची मुलं लडाखमध्ये उभी आहेत त्या घरांना तरी या तीन शब्दांमधला फरक कळायला हवा होता.

अशीच आणखी एक जोडी : स्थगित आणि रद्द. एप्रिल २०२५ मध्ये भारताने सिंधू जलकरार स्थगित ठेवला. रद्द केलेला नाही.

सहावी पायरी : मंचांची यादी

इथे फार वेळ घालवू नका. सार्क १९८५ चा. सनदेनुसार द्विपक्षीय आणि वादग्रस्त प्रश्न तिथे चर्चेलाच येत नाहीत, आणि २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषद झालेली नाही. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा बिमस्टेक १९९७ चा. शांघाय सहकार्य संघटना २००१ ची, भारत आणि पाकिस्तान दोघंही २०१७ पासून सदस्य. तिच्यातही परस्पर संरक्षणाचं कलम नाही.

आग्नेय आशियाई देशांच्या आसियानवर मात्र थोडं थांबा. ऑगस्ट १९६७ मध्ये पाच देशांनी बँकॉकला स्थापना केली, २०२५ मध्ये पूर्व तिमोर अकरावा सदस्य झाला. इथे मतदान नाही, सहमती. त्यासाठी त्यांच्याकडे ‘मुशावरा’ हा शब्द आहे, आपल्या कानावरून गेलेल्या ‘मशवरा’च्याच मुळातला. सहमतीचा अर्थ असा की एकाने मान हलवली नाही तर सगळे थांबतात. जुलै २०१२ मध्ये कंबोडिया यजमान असताना दक्षिण चिनी समुद्राच्या उल्लेखावरून परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदनच निघालं नाही, ४५ वर्षांत पहिल्यांदा. तरीही ‘आसियानचं केंद्रस्थान’ हे शब्द भारतापासून अमेरिकेपर्यंत सगळे आदराने उच्चारतात. कारण साधं आहे. अमेरिका, चीन, रशिया, भारत, जपान आणि उत्तर कोरियासुद्धा एकाच टेबलावर बसतील असं बोलावणं दुसऱ्या कोणाचं चालत नाही. १९९४ मध्ये सुरू झालेला आसियानचा प्रादेशिक मंच ते करतो. आसियानला दुबळं म्हणून हिणवणं सोपं आहे, पण एकमेकांशी भांडलेल्या या देशांत, ते सदस्य झाल्यानंतर, साठ वर्षांच्या आसपास मोठं युद्ध झालेलं नव्हतं, हे विसरता येत नाही. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर तोफा धडाडल्या तेव्हा त्या विक्रमालाही तडा गेला.

सातवी पायरी : प्रदेशाचं नावसुद्धा भूमिका असते

ऑगस्ट २००७ मध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे भारताच्या संसदेत हिंदी आणि प्रशांत या दोन समुद्रांच्या संगमाबद्दल बोलले. मे २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या पॅसिफिक कमांड या लष्करी विभागाचं नाव इंडो-पॅसिफिक, म्हणजे हिंद-प्रशांत, कमांड केलं. चीन अजूनही ‘आशिया-प्रशांत’च म्हणतो, कारण नव्या नावात भारत आत येतो.

पण आत कुठपर्यंत? भारताच्या मते आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून अमेरिकेपर्यंत. अमेरिकी लष्कराच्या आखणीत मात्र या कमांडची हद्द भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ संपते. ‘हॉलिवूड ते बॉलिवूड’ असं तिचं वर्णन तिथले अधिकारी करत आले आहेत. अरबी समुद्राचा पुढचा भाग आणि आखात दुसऱ्या कमांडकडे. मुंबईत आपल्या नौदलाचं पश्चिम मुख्यालय आहे, आणि त्याची नजर मुख्यतः त्याच पाण्याकडे लागलेली असते. कोकणातली, गोव्यातली किती घरं आखातातल्या पगारावर चालतात! जून २०१९ मध्ये ओमानच्या आखाताजवळ तेलवाहू जहाजांवर हल्ले झाले तेव्हा भारतीय नौदलाने ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू करून आपल्या व्यापारी जहाजांना सोबत दिली. आपल्या माणसांच्या दृष्टीने हिंद-प्रशांतचा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग अमेरिकी नकाशात हिंद-प्रशांतमध्ये येतच नाही.

आता सराव

फिलिपिन्स-अमेरिका करारात आठच कलमं आहेत. अर्ध्या तासात वाचून होतो. तो वाचा, मग १९९६ चा भारत-चीन करार, मग १९७१ चा भारत-सोव्हिएत करार. तिन्हींत ‘हल्ला’, ‘सल्लामसलत’ आणि ‘प्रक्रिया’ हे शब्द किंवा त्यांचे भाऊबंद कुठे येतात आणि कुठे गैरहजर आहेत, ते पेन्सिलीने खुणा करून पाहा.

त्यानंतर एक महिना रोज एक बातमी. दोन देशांचे नेते भेटले असतील तर दोन्ही परराष्ट्र खात्यांची निवेदनं स्वतंत्रपणे काढा आणि शेजारी ठेवा. एकात असलेलं आणि दुसऱ्यात नसलेलं वाक्य अधोरेखित करा. बहुतेक वेळा खरी बातमी तेच वाक्य असतं. वहीत तारीख घाला, तीन रकाने भरा, आणि तिसरा रिकामा राहिला तर तो तसाच ठेवून पुढच्या बातमीकडे वळा.